गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत : बाळाच्या मेंदूसाठी काय, केव्हा आणि कसे खावे

मुलाच्या बुद्धीचा विचार बहुतेक घरांत शाळाप्रवेशाच्या वेळी सुरू होतो. मेंदूची बांधणी मात्र त्याच्या कितीतरी आधी, घरात गोड बातमी कळण्याच्याही आधी सुरू झालेली असते. नवजात बाळाच्या मेंदूचे आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश असते आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ते चार पंचमांशाच्या आसपास पोहोचते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या अवयवाला लागणारे सामान रोज आईच्या रक्तातून, मग तिच्या दुधातून आणि शेवटी बाळाच्या वाटीतून यावे लागते.

हे सामान वेळेवर यावे लागते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. फॉलिक अॅसिडची वेळ वेगळी, आयोडीनची वेगळी, लोहाची वेगळी. ग्वाटेमालामधील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मुलांना पौष्टिक पेय देण्याचा प्रयोग झाला आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत ते पेय मिळालेल्या मुलांची पुढे पुरुष म्हणून ताशी कमाई सरासरी ४६ टक्क्यांनी जास्त असल्याचे दिसले. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेयाचा असा परिणाम दिसला नाही. म्हणून पुढील सूचना महिन्यांच्या क्रमाने दिल्या आहेत आणि त्या नाशिक शहरात व जिल्ह्यात सहज मिळणाऱ्या अन्नावर बेतलेल्या आहेत. गोळ्यांच्या मात्रा सर्वसाधारण आहेत. मधुमेह, थायरॉइड, आकडी, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असणाऱ्या स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

दिवस जाण्याआधी

गर्भाच्या पाठीवर एक पट्टी वळून तिची नळी तयार होते आणि या मज्जानलिकेपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात. गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत ही नळी बंद झालेली असते. म्हणजे पाळी चुकल्यावर दोन आठवड्यांनी स्त्री पहिल्यांदा दवाखान्यात जाते, तोवर ते काम आटोपलेले असते. फॉलिक अॅसिड कमी पडले तर नळी पूर्ण न मिटण्याचा धोका वाढतो आणि नंतर कितीही गोळ्या घेतल्या तरी ती मिटत नाही. म्हणून मूल हवे असे ठरल्यापासूनच, निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावे आणि पहिले तीन महिने ते चालू ठेवावे. आधीच्या बाळात असा दोष असेल तर मात्रा दहा पटींनी वाढवावी लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या चाचणीत या वाढीव मात्रेने दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले होते. ही मोठी मात्रा डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यावी. पालक, मेथी, हरभरा, मटकी, मूग यांत फोलेट असते आणि ते खावेच, पण शिजवताना त्यातील बराच भाग नष्ट होतो, त्यामुळे भाजी हा गोळीला पर्याय नाही.

याच काळात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. घरात कोणी मिश्री लावत असेल तर ती सवय याच टप्प्यावर सोडवावी. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन रक्तात उतरते, नाळेपर्यंत जाणारा रक्तपुरवठा आवळला जातो आणि बाळ कमी वजनाचे होते. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते," असे सांगणाऱ्या बायका आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत आजही भेटतात, आणि त्यांना ही गोष्ट कोणीतरी आपुलकीने समजावून सांगायला हवी.

पहिले तीन महिने

या काळात मळमळ आणि उलट्यांमुळे दोन घासही पोटात राहत नाहीत आणि घरातली मंडळी धास्तावतात. खरे तर या महिन्यांत उष्मांकांची गरज फारशी वाढलेली नसते. सकाळी उठल्यावर कोरडी भाकरी, राजगिऱ्याचा लाडू किंवा कुरमुरे, दर दोन तासांनी थोडे खाणे आणि जेवताना पाणी कमी पिऊन मधल्या वेळेत जास्त पिणे, एवढ्याने बहुतेकींचे भागते. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा लघवी कमी होऊ लागली असेल, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.

या तीन महिन्यांतील सर्वांत महत्त्वाचे पोषकद्रव्य आयोडीन आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. मेंदूतील पेशींना आपापल्या जागी पोहोचण्यासाठी लागणारे थायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक पूर्णपणे आईकडून येते आणि ते तयार करायला आईला आयोडीन लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवे. त्याची तीव्र कमतरता राहिली तर मुलाला कायमचे मतिमंदत्व येऊ शकते. यावरचा उपाय स्वस्त आहे, तो म्हणजे पाकिटावर हसरा सूर्य छापलेले आयोडीनयुक्त मीठ. हे मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि ओलाव्यापासून दूर ठेवावे आणि भाजी शिजत आल्यावर घालावे.

आपल्याकडे येथे एक अडचण येते. श्रावण, नवरात्र, चतुर्थी, एकादशी धरून वर्षातले कितीतरी दिवस स्वयंपाकात सैंधव वापरले जाते आणि अलीकडे "नैसर्गिक" म्हणून काही घरांत ते रोजचेच झाले आहे. सैंधवात पुरेसे आयोडीन नसते. गर्भवतीने आणि बाळंतिणीने उपवास करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण एखादीला घरच्या रीतीमुळे तो करावाच लागला, तर साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढू नये. साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काहीच नसते. भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही आणि केळी खावी, आणि मीठ नेहमीचेच वापरावे.

चौथ्या महिन्यापासून : लोह

लोहाबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे सर्वांत मोठी उणीव याचीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची दोन तृतीयांश बालके रक्तक्षयी आढळली. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय मानतात. रक्तक्षय म्हटले की आपल्याला थकवा, धाप आणि बाळंतपणातील रक्तस्राव आठवतो. बाळाच्या मेंदूचा संबंध क्वचितच लक्षात येतो. मज्जातंतूंवर चढणारे मायलिनचे वेष्टन, पेशींमधील रासायनिक संदेश आणि स्मृतीचे केंद्र असलेला मेंदूचा भाग या सगळ्यांना लोह लागते. शरीरात लोह अपुरे असेल तेव्हा ते आधी रक्ताकडे वळवले जाते आणि मेंदूच्या वाट्याला नंतर येते. त्यामुळे बाळाचे हिमोग्लोबिन घसरलेले दिसते तोवर मेंदूने उपासमार सोसलेली असते. कोस्टा रिकात बालवयात दीर्घकाळ लोह कमी असलेल्या मुलांवर उपचार झाले, त्यांचे रक्त भरून आले, तरीही एकोणिसाव्या वर्षापर्यंतच्या बौद्धिक चाचण्यांत ती मागेच राहिली.

सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे ती निदान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. गोळ्या घरी नेल्या जातात, पण अनेक घरांत त्या फडताळात तशाच पडून राहतात. कारण मळमळते, शौचाला काळे होते किंवा "बाळ काळे होईल" असे कोणीतरी सांगितलेले असते. शौचाचा रंग बदलणे निरुपद्रवी आहे आणि बाळाच्या वर्णाशी गोळीचा काहीही संबंध नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर, झोपण्यापूर्वी घ्यावी. बद्धकोष्ठासाठी पाणी, पपईसारखी पिकलेली फळे आणि पालेभाज्या वाढवाव्यात. पपईची धास्ती असेल तर पेरू खावा. त्यातील क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषले जाते.

चहाबद्दलही नीट बोलायला हवे. जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण खूपच कमी करतो. म्हणून गोळी आणि चहा यांत, तसेच जेवण आणि चहा यांत, निदान एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. ती सकाळी आणि दुपारी जेवणासोबत घेतली आणि लोहाची रात्री घेतली की दोन्हींचे काम होते. जंताचे औषध चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा दिले जाते, तेही चुकवू नये, विशेषतः शेतात अनवाणी काम करणाऱ्या बायकांनी.

ताटात लोहासाठी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलगे, हरभऱ्याची आणि चवळीची पालेभाजी, अळीव आणि तीळ हे सगळे आपल्या बाजारात असते. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात पालेभाज्यांचे ढीग लागतात. त्यांतून कोणतीही हिरवीगार भाजी घ्यावी, पण ताटात तिच्यासोबत लिंबाची फोड ठेवायला विसरू नये. कडधान्यातील लोह एरवी शरीराला फार थोडे लागू पडते. मोड आणल्याने आणि लिंबू पिळल्याने ते पुष्कळ सुधारते. मांसाहार करणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीन वेळा मटण, चिकन किंवा मासे खाल्ले तर फायदा अधिक होतो, कारण मांसातील लोह सर्वांत सहज शोषले जाते. गुळाला मात्र लोहाचा साठा समजू नये. लोखंडी कढईत केलेली भाजी त्याहून अधिक उपयोगी पडते.

शाकाहारी घरांतील मोठी उणीव : बी १२

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती आणि त्यांची मुले यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातील बहुसंख्य मातांमध्ये बी १२ जीवनसत्त्व कमी आढळले. मुले नऊ वर्षांची झाल्यावर घेतलेल्या चाचण्यांत, गर्भारपणी ज्यांच्या आईत बी १२ फार कमी होते, त्या मुलांची एकाग्रता आणि अल्पकालीन स्मृती तुलनेने कमी दिसली. ती गावे नाशिकपासून दूर नाहीत आणि त्यांचे जेवण आपल्या जेवणाहून वेगळे नाही, म्हणून हा निष्कर्ष आपण मनावर घ्यायला हवा.

बी १२ डाळी, पालेभाज्या, धान्ये आणि फळे यांत नसते. ते दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे आणि मांस यांत असते. दूध घरात असूनही ते चहापुरते उरते आणि बाकीचे डेअरीला जाते, असे दुभती जनावरे असलेल्या घरांतही दिसते. गर्भवतीच्या वाट्याला रोज दोन पेले दूध आणि एक वाटी दही यायलाच हवे. अंडी चालत असतील तर रोज एक उकडलेले अंडे खावे. त्यातून बी १२ शिवाय सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम कोलीनही मिळते. गर्भाच्या स्मृतिकेंद्राच्या जडणघडणीत कोलीनचा वाटा असतो आणि गर्भारपणी त्याची गरज रोज ४५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. अंडे उष्ण पडते हा समज सोडून द्यावा. फक्त ते पूर्ण शिजलेले असावे. जन्मापासून शाकाहारी असलेल्या स्त्रीने बी १२ ची रक्ततपासणी करून घ्यावी आणि कमी असल्यास गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे, कारण आधीची मोठी तूट नुसत्या दुधाने भरून येत नाही.

ही तूट बाळापर्यंत पोहोचते तेव्हा ती कशी दिसते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असायला हवे. सहा-आठ महिन्यांचे, दिसायला बाळसेदार, केवळ अंगावर पिणारे बाळ हळूहळू हसणे सोडते. आधी मान धरत असलेले, पालथे पडत असलेले बाळ आता तेही करीत नाही. केस विरळ आणि भुरे होतात, बोटांची पेरे काळपट दिसू लागतात आणि पुढे हातापायांना कंप सुटतो. आईत बी १२ फार कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते आणि बाळाची ही अवस्था होते. वेळीच ओळखले आणि इंजेक्शने दिली तर बाळ काही दिवसांत पुन्हा हसू लागते. उशीर झाला तर बौद्धिक वाढीतील नुकसान पूर्ण भरून निघेलच असे नाही. "आळशी आहे, बापही उशिराच बसला होता," असे म्हणून दिवस ढकलू नयेत.

मेंदूतील पेशींच्या आवरणासाठी लागणारे डीएचए हे मेद गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक साठवले जाते. बांगडा आणि तारली यांत ते भरपूर असते; आठवड्यातून दोनदा यांपैकी काहीही खावे, मात्र मोरीसारखे मोठे मासे पाऱ्यामुळे टाळावेत. शाकाहारी स्त्रियांनी जवसाची चटणी आणि अक्रोड खावेत. शरीर त्यांतून थोडेच डीएचए बनवू शकते, म्हणून शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरींत बहुतेक वेळा साखर जास्त आणि बाकीचे थोडे असते; तेवढ्या पैशांत महिनाभर अंडी आणि दूध येते.

किती खावे

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार चौथ्या महिन्यापासून रोज ३५० उष्मांक जास्त लागतात, आणि प्रथिने मधल्या तिमाहीत सुमारे १० ग्रॅम व शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम वाढवावी लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक भाकरी, एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ आणि एक पेला दूध. दोन जिवांचे म्हणून दुप्पट खायचे नसते, आणि बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल या भीतीने कमीही खायचे नसते. मध्यम बांध्याच्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलोने वाढणे चांगले.

दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे सांगायला हवे. छाटणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि काढणीच्या हंगामात पहाटे घर सोडले की पहिले जेवण दुपारी होते. अशा वेळी फडक्यात दाणे-गूळ, उकडलेली अंडी किंवा भिजवलेले हरभरे बांधून न्यावेत आणि दर दोन-तीन तासांनी खावेत. फवारणी चालू असलेल्या आणि नुकतीच झालेल्या बागेत गर्भवतीने मुळीच जाऊ नये. कीटकनाशकांपैकी अनेक द्रव्ये थेट मज्जासंस्थेवरच काम करणारी असतात. बागमालकांनी आणि मुकादमांनी ही काळजी घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

जन्मानंतरचे सहा महिने

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटे थांबले तर नाळेतील रक्त बाळाकडे जाते आणि त्याचा पुढील कित्येक महिन्यांचा लोहसाठा वाढतो. बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी याविषयी बोलून ठेवावे. पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी लावावे आणि पिवळसर चीक वाया घालवू नये. त्यानंतर १८० दिवस केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, घुटी, साखरपाणी, मध यांपैकी काहीही देऊ नये. मधातील जिवाणूंमुळे एक वर्षाच्या आतील बाळाला गंभीर पक्षाघात होऊ शकतो. बाळाला रोज ४०० एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना लोहाचे थेंब सहा महिन्यांच्या आधीच सुरू करावे लागतात. ते डॉक्टरांना विचारून द्यावेत. डोळ्यांत काजळ आणि सुरमा घालू नये, कारण त्यांत शिसे असू शकते आणि शिसे मेंदूला विषारी असते.

या काळात आईचे ताट बाळाइतकेच महत्त्वाचे असते. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज ६०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे गर्भारपणापेक्षाही अधिक. तरीही बाळंतिणीला डाळ वातूळ, दही थंड, पालेभाजीने बाळाचे पोट बिघडते, पाण्याने पोट सुटते असे म्हणत तिचे जेवण तूप-भातावर आणून ठेवले जाते. दुधातील लोह आणि कॅल्शियम आईच्या खाण्यावर फारसे अवलंबून नसते, पण बी १२, आयोडीन आणि डीएचए पुष्कळसे अवलंबून असते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, मेथीची भाजी, शेपू, खसखशीची खीर ही आपली परंपरा चांगलीच आहे. तिच्यात वरण, उसळ, अंडे, दूध-दही आणि हवे तेवढे पाणी घालावे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर

उष्टावणाचा सोहळा थाटात होतो, मामाच्या मांडीवर बाळ बसते, चांदीच्या चमच्याने खीर लागते, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा महिना-दोन महिने केवळ दूध आणि वरणाचे पाणी चालते. सहाव्या महिन्यानंतर आईच्या दुधातील लोह बाळाला पुरत नाही, जन्मताना मिळालेला साठाही संपत आलेला असतो, आणि किलोमागे मोजली तर बाळाची लोहाची गरज मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. सर्वांत जास्त नुकसान याच महिन्यांत होते.

पेठ तालुक्यातील एका अंगणवाडीत पाहिलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला वाटीतले वरणाचे पाणी पाजत होती. अंगणवाडीताईंनी चमचाभर पाणी घेऊन चमचा तिरका केला. सगळे घळाघळा वाटीत पडले. मग त्यांनी नागलीची घट्ट पेज घेऊन चमचा तसाच तिरका केला, तेव्हा ती चमच्याला धरून राहिली. "ताई, घट्टानं ठसका लागला म्हंजे?" आजीने विचारले. "मावशी, बसवून द्या, अर्धाच चमचा द्या आणि गिळेपर्यंत थांबा. पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही," असे म्हणत ताईंनी चमचा तिच्याच हातात दिला. बाळाने दोनदा जिभेने बाहेर ढकलली आणि तिसऱ्यांदा गिळली. जिभेने ढकलणे म्हणजे नावड नव्हे. ते गिळायला शिकणे असते.

बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावते, म्हणून त्या वाटीत पाणी कमी आणि अन्न जास्त हवे. यासाठी आपल्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबक आणि इगतपुरीच्या डोंगरांत पिकणारी नागली फार उपयोगी आहे. १०० ग्रॅम नागलीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नागली धुऊन रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्यावेत, सावलीत कडक वाळवावी, मंद आचेवर थोडी भाजून दळावी. मोड आल्याने पिष्ट फोडणारी विकरे तयार होतात. त्यामुळे पेज फार चिकट न होता तिच्यात जास्त पीठ मावते आणि लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे घटकही कमी होतात. पीठ फडक्यातून गाळून केवळ पांढरे सत्त्व घेण्याची पद्धत आहे, पण गाळात पुष्कळसे खनिज निघून जाते. म्हणून बाळाला पचू लागले की सबंध पीठच वापरावे. दोन भाग नागलीच्या पिठाला एक भाग भाजलेल्या मुगाचे पीठ मिसळावे, घट्टसर शिजवावे, वर चमचाभर तूप आणि बारीक दाण्याचे कूट घालावे.

नुसत्या पेजेवर मात्र थांबू नये. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी असे वाढवत, सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा जेवण व मध्ये एक-दोन वेळा खाऊ द्यावा. मऊ मुगाची खिचडी, कुस्करलेले उकडलेले अंडे, घट्ट वरणात मोडलेली भाकरी, कुस्करलेला लाल भोपळा, पालक, पिकलेले केळे आणि पपई द्यावी. अंडे आणि मासे वर्षानंतरच द्यावेत, असे आता मानले जात नाही. सहा महिन्यांनंतर ते चालतात. पहिल्या वर्षात मीठ-साखर घालू नये आणि गाईचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे लोहाचे सिरप सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर द्यायचे असते. बाटलीचे झाकण मोजूनच सोडते.

चहात बुडवलेले बिस्किट बाळाला देऊ नये. तो आपल्या जिल्ह्यात गावोगावी आणि चाळीचाळींत दिसणारा बाळाचा खाऊ आहे, आणि मैदा, साखर व लोह अडवणारा चहा असे त्यात सगळे नको तेच असते. द्राक्षे आपल्याकडे मुबलक आहेत, पण सबंध द्राक्ष बाळाच्या घशात अडकू शकते. ती भरपूर पाण्यात धुऊन, उभी चार फोडी करून, बिया काढूनच द्यावीत. सबंध शेंगदाणा, फुटाणा आणि बोरेही लहान मुलाला देऊ नयेत.

भरवताना बोलावे

जमैकात किंग्स्टन शहरातील खुरटलेल्या बालकांवर १९८० च्या दशकात एक प्रयोग झाला. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी जाऊन आईला बाळाशी खेळायला आणि बोलायला शिकवले, काहींना दोन्ही दिले. दोन्ही मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वाधिक झाली, आणि खेळ-संवादाचा फायदा तर ती मोठी झाल्यावरही टिकला. म्हणून भरवताना मोबाइल समोर धरू नये. बाळाच्या डोळ्यांकडे पाहावे, "हा काऊचा, हा चिऊचा" म्हणावे, त्याला स्वतः हात घालू द्यावा, सांडू द्यावे. तोंड फिरवले की थांबावे, बळजबरी करू नये. काम करणाऱ्या आईला वेळ नसेल तर आजी-आजोबांनी, बापाने आणि मोठ्या भावंडांनी हे करावे.

वाढ तपासणे आणि मदत कोठे मिळते

बाळाचे वजन आणि उंची दर महिन्याला अंगणवाडीत मोजून घ्यावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात नोंदवून घ्यावी. वजनाची रेषा सलग दोन महिने आडवी राहिली तर बाळ दिसायला कितीही चांगले असले तरी चौकशी करावी. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण आहे, ११.५ ते १२.५ हा मध्यम धोक्याचा टप्पा आहे. तीव्र कुपोषित बाळाला ग्राम बालविकास केंद्रात, आणि त्यातही ताप, सूज किंवा भूक मेलेली असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. आशाताई किंवा अंगणवाडीताई तशी सोय करून देतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. जिल्ह्यातील आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. हे जेवण घरी नेऊन सगळ्यांत वाटून न खाता मातेने तिथेच बसून खावे, कारण ते तिच्या आणि तिच्या बाळाच्या हिशेबानेच शिजवलेले असते. घरी मिळणाऱ्या शिध्याचेही तसेच आहे. त्याचे पाकीट गोठ्यात किंवा कोंबड्यांपुढे जात असेल तर सासूबाईंनी आणि नवऱ्याने त्याकडे लक्ष द्यावे.

बाळ तीन महिन्यांचे होऊनही हसत नसेल, पाचव्या महिन्यात मान धरत नसेल, नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे होऊनही हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, किंवा एकदा शिकलेली गोष्ट पुन्हा विसरू लागले असेल, तर पुढच्या लसीकरणाची वाट न पाहता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे, आणि जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, आईच्या गर्भारपणातील रक्ताचे अहवाल आणि बाळ सध्या दिवसभरात काय खाते याची लिहिलेली यादी सोबत घ्यावी.